बाहेरची कडी

सोलापूरहून आलेली गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आणि मी माईकवरून ती भूमला जाणार असल्याचं सांगून टाकलं. बाकावरची दहा-बारा माणसं बोचकी उचलून धावली. कंडक्टरने माझ्या खिडकीकडे बघून हात नाचवले. बार्शीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. फलाट मी कधीमधी चुकवला असेन, गाडी कधी चुकवली नव्हती. पण त्या गाडीतून होनमाने मॅडम उतरत होत्या. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि त्या पिशवीत आमची फाईल होती.

मॅडम सरळ चौकशीच्या खिडकीशी आल्या. "बब्रुवान मुळे तुम्हीच ना? घोषणा चुकली तुमची."

माझ्या मनात आलं, झालं, इथूनच नापास.

शशीने, म्हणजे माझ्या बायकोने, पाच महिन्यांपूर्वी सरकारी योजनेचा अर्ज भरला होता. ज्या मुलाला स्वतःच्या घरी परत जाता येत नाही त्याला काही वर्षं आपल्या घरी ठेवून वाढवायचं. हे दत्तक नव्हे. दत्तकाची वेळ आम्ही लाजत-लाजत घालवली होती. अर्ज भरल्यावर आधी आमची तपासणी होणार होती, आणि ती करणार होत्या योजनेच्या अधिकारी होनमाने मॅडम, ज्यांना मी कचेरीत लांबून पाहिलं होतं. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, शेजाऱ्यांकडे चौकशी आणि मग घराला भेट. शशी एकेक कागद गोळा करताना खुलत गेली, आणि मी आतून आक्रसत गेलो. चोवीस वर्षांच्या संसारात आमच्या तपासण्या कमी झाल्या नव्हत्या. सोलापूर झालं, पुणे झालं, मिरज झालं. दर वेळी शेवटी एक पाकीट मिळायचं, आणि ते उघडण्याआधीच मला निकाल माहीत असायचा. आता पुन्हा कोणीतरी आम्हाला तपासणार आणि पुन्हा पाकीट देणार, या विचाराने मला रात्री घाम यायचा.

घरी शशीने मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी तयारी केली होती. नवे पडदे, ओलं खोबरं घातलेले पोहे, आणि कधी नव्हे ती माझी इस्त्रीची पँट. मॅडमनी पोहे खाल्ले, पण पडद्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बाथरूम पाहिलं, गॅसची नळी पाहिली, गच्चीच्या कठड्याची उंची पाहिली. मग समोर बसून एकेक प्रश्न विचारत गेल्या. मला विचारलं, राग आला की काय करता.

"मला राग येत नाही," मी म्हणालो.

"येतो की," शशी म्हणाली. "राग आला की भांडी घासतात. घासलेलीसुद्धा परत घासतात."

मॅडम हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. पहिल्याच भेटीत मी खोटं बोललो होतो आणि ते कागदावर गेलं होतं.

महिनाभराने त्या पुन्हा आल्या आणि त्यांनी मोनालीबद्दल सांगितलं. वय आठ. आई नव्हती, बाप कुठेतरी निघून गेलेला. चुलता-चुलती कामाला जाताना तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. एकदा ते गेले ते दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ती खिडकीत दिसली. शेजारी भिंतीला भिंत लागून घरं होती, पण कोणाला पत्ता नव्हता.

"ओरडली नाही का ती?" शशीने विचारलं.

"पहिल्या दिवशी ओरडली असेल," मॅडम म्हणाल्या. "आता ओरडत नाही. आमच्या बालगृहात आल्याला दीड वर्ष झालं. पडली, लागलं, ताप आला, तरी कोणाला हाक म्हणून मारत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुळे, घरात कुठलंही दार तिच्यावर बंद होता कामा नये. बाकी शंभर गोष्टी सांभाळून घेता येतील. ही एक गोष्ट चुकली तर मला पुढे काही करता येणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. बाथरूमची कडी काढली, आतल्या खोलीची काढली, स्वयंपाकघराची वरची आणि खालची काढली, गच्चीच्या दाराची काढली. कपाटाचं कुलूपसुद्धा काढलं. पुढच्या दाराची आतली कडी मोनालीच्या हाताला यावी म्हणून दोन फूट खाली बसवली. काढलेलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर टाकलं. शशी म्हणाली, आता आंघोळ करताना गाणं म्हणत बसा, म्हणजे कळेल आत माणूस आहे ते. मी खरोखरच म्हणू लागलो.

मे महिन्यात मोनालीला तीन दिवस आमच्याकडे राहायला पाठवायचं ठरलं. शुक्रवार ते रविवार. ही शेवटची पायरी होती. रविवारी दुपारी मॅडम येणार, आमच्याशी बोलणार, तिच्याशी बोलणार आणि मग समितीकडे अहवाल जाणार.

पोर बारीक, डोळे मोठे, केस अगदी बारीक कापलेले. पाठीवरचं दप्तर ती खाली ठेवायला तयार नव्हती. पुढचं दार दिसेल अशा जागी ती बसली आणि दर थोड्या वेळाने उठून दाराशी जायची, कडी काढायची, बाहेर बघायची, कडी लावायची, परत येऊन बसायची. मोजायची सवय माझ्या धंद्यातच आहे. शुक्रवारी मी एकतीस वेळा मोजलं. शनिवारी बारा वेळा. शनिवारी संध्याकाळी तिने दप्तर खाली ठेवलं, तेव्हा शशी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कोथिंबीर निवडत बसली.

त्या संध्याकाळी मोनाली आपण होऊन माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी स्टँडवर काय करतो ते शशीने तिला सांगितलं होतं.

"गाडी आली न्हाई तर काय सांगता?"

"उशिरा येईल म्हणून सांगतो."

"आन् आलीच न्हाई तर?"

मी जरा विचार केला. "मग गाडी रद्द आहे म्हणून सांगतो. लोक शिव्या देतात. पण सांगावं लागतं. नाहीतर माणसं बिचारी बसून राहतात."

तिने मान हलवली. मग उठली, दार उघडून पाहिलं आणि परत आली. ते बारावं.

ती झोपायची पुढच्या दाराजवळच, भिंतीकडे तोंड करून. शशीने शेजारी अंथरूण टाकू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. आतल्या खोलीत कूलरच्या घरघरीत शशी झोपायची, पण मधलं दार उघडं होतं.

रविवारी मी नेहमीप्रमाणे साडेपाचला उठलो. मोनाली झोपलेली दिसली. तिच्या अंथरुणाला वळसा घालून, आवाज न करता आतली कडी काढली, बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि दूध आणायला निघालो. दुधाची गाडी उशिरा आली होती म्हणून डेअरीवर रांग होती. मी खुशीत होतो. अर्धा लिटर जास्त घेतलं. डेअरीवाल्याने कारण विचारलं तर म्हणालो, घरात लेकरू आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं आणि रस्ताभर मनात घोळवत आलो.

जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना मला पुढचं दार दिसलं. बाहेरची कडी कोयंड्यात नीट चढवलेली होती.

ही आमच्याकडची जुनी रीत. पहाटे जो आधी बाहेर पडेल त्याने झोपलेल्याला उठवायचं नाही, बाहेरून कडी लावून जायचं. दार नुसतं ओढून घेतलं तर वाऱ्याने उघडतं आणि कुत्री आत शिरतात. पुऱ्या गल्लीत सगळे असंच करतात. चोवीस वर्षं मी शशीची झोप मोडू नये म्हणून ही कडी लावत आलो होतो. मी लावली असं म्हणवत नाही, हाताने लावली. घरातल्या सगळ्या कड्या काढल्या, पण ही मला कडी वाटलीच नव्हती, कारण मी तिला कायम बाहेरून पाहत होतो.

हातातल्या दुधाच्या पिशव्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही. मी कडी काढली. आतून काही आवाज नव्हता. त्या शांततेची जी भीती मला वाटली तशी नंतर कधी वाटली नाही.

मोनाली दाराशेजारी भिंतीला टेकून बसली होती. पायात चपला, पाठीवर दप्तर, गुडघे छातीशी. फ्रॉक ओला होता आणि खाली फरशीवर ओल पसरली होती. ती रडत नव्हती. दहा पावलांवर शशी गाढ झोपलेली होती आणि या पोरीने तिला हाक मारली नव्हती. दारावर थापही मारली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मोनाली, चुकलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागच्या उघड्या दाराकडे बघत होती.

शशी उठून आली. तिला काही सांगावं लागलं नाही. ओली फरशी बघितली, कडी बघितली, मग मला बघितलं. तिने पोरीला आंघोळ घातली, कपडे बदलले, समोर दूध ठेवलं. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि बाहेरची कडी काढायला बसलो. स्क्रू गंजलेले होते. एक निघाला की ठेवायला जागा बघू लागलो, तर मोनाली दूध तिथेच सोडून जवळ आली आणि तिने तळहात पुढे केला. सहाही स्क्रू तिने मुठीत धरून ठेवले.

ती गच्चीत गेल्यावर शशीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मॅडमना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"शशी..."

"तुम्ही सांगितलं की ती गेली. तिकडं चाळीस खाटांत झोपते ती. तुमच्या खरेपणापायी तिला परत पाठवायची का? कडी काढलीत ना? मग झालं. पोरगी बोलणार नाही. तिला कुठं बोलायची सवय आहे?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिने पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडे वळली. मला तिचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. मला ती पोर हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा पास व्हायचं इतक्या जवळ आलं होतं आणि मला नापास व्हायचं नव्हतं.

दीड वाजल्यापासून मी तीन वेळा डेपोत फोन लावला, सोलापूरची दोनची गाडी उशिरा आहे का विचारायला. ती गाडी वर्षभर कधी वेळेवर आली नव्हती. त्या दिवशी पाच मिनिटं आधी आली.

मॅडमनी पाणी घेतलं आणि विचारलं, कसे गेले तीन दिवस. शशीने छान म्हटलं. काल दप्तर खाली ठेवलं, दूध पिते, माझ्याशी गाड्यांबद्दल बोलते, सगळं सांगितलं. सगळं खरं होतं. मोनाली दाराजवळ बसून माझ्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती, आणि ती वाट बघतेय हे मला कळलं. कशाची वाट, तेही कळलं. फलाटावर बसलेली माणसं खिडकीकडे असंच बघतात.

"मॅडम, आज सकाळी मी हिला कोंडलं," मी म्हणालो.

शशीने डोळे मिटले. मॅडमनी पेला खाली ठेवला.

"किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं. दूध आणायला गेलो होतो. बाहेरून कडी लावली गेली."

"मुद्दाम?"

"नाही. सवयीनं."

"मुद्दाम लावली असती तर एकदा झालं असतं. सवय रोजची असते, मुळे."

मॅडमनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं आणि त्या मोनालीशी बोलत बसल्या. आम्ही जिन्यात बसलो. शशी दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे पाठ करून. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा मोनालीच्या पाठीवर दप्तर होतं. मला हे लिहावं लागेल, एवढंच मॅडम म्हणाल्या. साडेचारच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. खिडकीशी बसलेल्या पोरीला हात केला. तिने हात केला नाही. मूठ मात्र बंद होती.

पुढचे तीन आठवडे शशी माझ्याशी कामापुरतंच बोलली. आमची भांडी त्या दिवसांत आरशासारखी लखलखत होती. रात्री माझ्या डोळ्यांसमोर ती ओली फरशी यायची आणि मी उठून बसायचो. पाकिटाची भीती आता उरली नव्हती. भीती वेगळीच होती. ज्या पोरीला पुन्हा कोंडलं जाईल याच भीतीने आधीच ग्रासलं होतं, तिची ती भीती मी खरी करून दाखवली होती.

जूनमध्ये एका सकाळी होनमाने मॅडम न कळवता आल्या. त्या दिवशी लातूरकडच्या गाडीने आल्या, म्हणून मला पत्ता लागला नाही. आत आल्या नाहीत. दाराबाहेर उभ्या राहून चौकटीवर जिथे कडी होती तिथल्या भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आता पहाटे बाहेर जाताना काय करता?"

मी बोलायच्या आत शशी म्हणाली, "मला उठवतात. दूध आणायला चाललो, अर्ध्या तासात येतो म्हणून सांगतात. मी उठून आतून कडी लावते."

"रोज?"

"रोज. रोज शिव्या खातात."

मॅडम मग आत येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. समितीने मोनालीला विचारलं होतं, तुला तिथे कोंडलं होतं का. ती हो म्हणाली. मग विचारलं, आम्हाला हे कोणी सांगितलं ठाऊक आहे का. काकांनी, ती म्हणाली. शशीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "मग तिनं आम्हालाच प्रश्न विचारला," मॅडम म्हणाल्या. "कडी परत लावली का, ते बघून या म्हणाली. म्हणून आले."

तीन महिन्यांसाठी मोनाली आमच्याकडे येईल, मग पुन्हा तपासणी, असं ठरलं. येताना तिने दप्तरातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. त्यात सहा स्क्रू होते.

तेव्हापासून आमच्या घरातून कोणीही सांगितल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी तर स्टँडवरच्या आवाजात सांगायचो. बब्रुवान मुळे दूध आणण्यासाठी निघत आहेत, वीस मिनिटांत परत येतील. ती अंथरुणातून एक डोळा उघडून घड्याळ बघायची. एकवीस मिनिटं झाली तर आल्या-आल्या मला उशिराचं कारण द्यावं लागायचं. ती जेवू लागली, शाळेत जाऊ लागली, शशीच्या मागे-मागे फिरू लागली. पण हाक मारायची नाही. काही हवं असलं तर येऊन जवळ उभी राहायची, आपलं लक्ष जाईपर्यंत. एकदा तिचा हात तव्याला भाजला, तरी ती तशीच येऊन उभी राहिली होती.

आता ती सोळा वर्षांची आहे आणि आम्हा दोघांना पुरून उरते. त्या दिवशी शशी दहा पावलांवर असताना तू हाक का मारली नाहीस, असं मी तिला गेल्या वर्षी धीर करून विचारलं. ती स्वेटर विणत होती. टाके मोजून झाल्यावर म्हणाली, "हाक मारली आणि कोणी आलंच नाही, तर मग काय? नाही मारली तर निदान येतील असं वाटत तरी राहतं."

हे मला गेल्या वर्षी कळलं. पण त्या पहिल्या श्रावणात जे झालं त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता.

दोन दिवस पावसाची झड लागली होती आणि बाथरूमचं दार फुगलं होतं. मी रविवारचा पेपर वाचत होतो. आधी धप्प आवाज आला, मग पुन्हा धप्प, मग धडाधड. आणि मग घरात कधीही न ऐकलेला आवाज.

"काका! ओ काका!"

मी धावलो. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, नुसतं लाकूड चौकटीत गच्च बसलं होतं. ती आतून लाथा घालत होती. आत ती पुन्हा भिंतीला टेकून बसेल, पुन्हा ते सगळं होईल, या भीतीने मला काही सुचेना.

"काका, ऐकू येतंय का न्हाई? दार अडकलंय! काकू! काकांना झोप लागली का बघा!"

शशी पिठाचे हात घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आत पोरगी भीत नव्हती, चिडली होती. आम्ही आहोत आणि आम्ही येणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. मी खांदा लावला, दार उघडलं, आणि अंगाला साबण, गुंडाळलेला टॉवेल अशा अवतारात बाहेर येऊन तिने मला ऐकवलं की स्टँडवर एवढा मोठा आवाज असतो, घरात ऐकायला येत नाही का. मी रडत होतो. पण तिला वाटलं, खांद्याला लागलं.

सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांची तपासणी झाली. मॅडमनी वजन, शाळा, लशी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, आणखी काही नवीन? मी त्यांना फुगलेल्या दाराची गोष्ट सांगितली. मग डोकं खाली घालून त्यांनी एक ओळ लिहिली आणि फाईल वळवून मला दाखवली. इतक्या वर्षांत आमच्या नावाच्या कागदावरचा निकाल मी पहिल्यांदा न घाबरता वाचला.

त्या ओळीत एवढंच होतं, 'मुलगी हाक मारते.'